विमान परत फिरलं म्हणून पायलटला शिव्या घालणाऱ्यांसाठी

परवा आपल्या इथल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होता. विमान जिल्ह्याच्या विमानतळावर दोनदा खाली आलं, पावसात टेकलंच नाही आणि आलं तिकडे परत गेलं. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया. ‘पायलट नवखा दिसतोय.’ ‘एवढ्याशा पावसाला घाबरला.’ ‘मग तिकिटाचे पैसे कशाला घेता?’ एकाने तर त्याचं लायसन्सच काढून घ्यायला सांगितलं आणि त्याला भरपूर अंगठे मिळाले.

यातल्या निम्म्या मंडळींना मी ओळखतो. पुलावरून पाणी जात असताना एसटीच्या ड्रायव्हरला ‘घाला हो गाडी, काही होत नाही’ म्हणणारे हेच.

आता विमानाचं गणित बघा. विमान ढगांच्या वरून जातं, त्याला पावसाचं काय, असं आपल्याला वाटतं. पण प्रवासी विमान साधारण ३५ ते ४० हजार फुटांवर उडतं आणि आपल्याकडचे गडगडाटी ढग ५० हजार फुटांच्याही वर जातात. वरून जाता येत नाही, मधून जायचं नसतं. उरतो वळसा. विमानाच्या नाकात रडार असतं, ते ढगातलं पाणी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवतं. लाल दिसलं की शक्यतो २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर लांबून जायचं. विजेची भीती आपल्याला सगळ्यात जास्त, पण वीज पडली तरी ती बहुतेक वेळा बाहेरच्या कवचावरून निघून जाते. खरा धोका रडारला न दिसणाऱ्या गोष्टींचा. कोरड्या गारा त्याला नीट दिसत नाहीत आणि निरभ्र हवेतले हेलकावे तर अजिबातच नाहीत. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर हादरलं. एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. पट्टा बांधा म्हणून एअर होस्टेस उगाच मागे लागत नाही.

आणि उतरताना? प्रत्येक विमानतळासाठी एक उंची ठरलेली असते. तिथवर खाली येऊनही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान वर घ्यायचं. ‘अजून थोडं खाली जाऊन बघू’ हा प्रकार नाही. त्यासाठीचं इंधन निघतानाच भरलेलं असतं: मुक्कामापर्यंतचं, तिथून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं आणि वर आणखी ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं. म्हणजे परत फिरण्याची तयारी विमान सुटण्याआधीच झालेली असते. त्यात घाबरण्याचा काय संबंध?

न फिरण्याचं उदाहरण हवं असेल तर कोझिकोड आठवा. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान, आत १९० माणसं, बाहेर मुसळधार पाऊस. पहिल्या प्रयत्नात पायलटने नियमाप्रमाणे विमान वर घेतलं. दुसऱ्यांदा उलट्या बाजूने आले, मागून वारा होता. सुमारे २७०० मीटरच्या धावपट्टीपैकी निम्मी मागे गेल्यावर चाकं टेकली. पठारावरची धावपट्टी, पुढे उतार. २१ जण गेले, दोन्ही पायलट त्यात होते. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले, अनुभवी माणूस, आईवडील नागपूरचे. तेव्हा आपण सगळेच हळहळलो होतो.

पुढे २०२१ मध्ये चौकशी अहवाल आला, तो फार कमी लोकांनी वाचला. सहवैमानिकाने विमान वर घ्यायला सांगितलं होतं, ते झालं नाही, असं त्यात आहे. आणि मला जास्त खटकलेली गोष्ट ही, की दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी याच कॅप्टनकडे होती आणि त्या तळावर कंपनीचे कॅप्टन कमी होते, हा दबावही अहवालाने नोंदवला आहे. ‘पोचलंच पाहिजे’चं ओझं इतक्या अनुभवी माणसावर असेल, तर आपण खाली उभं राहून त्यात भर कशाला घालायची?

प्रवाशांचंच चुकतं असं मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी २०२४ मधलं दिल्लीचं धुकं आठवतंय? उशिराची घोषणा करणाऱ्या पायलटला एका प्रवाशाने विमानातच मारलं. ते निषेधार्हच. पण त्याच धुक्यात गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान मुंबईला वळवलं आणि वैतागलेली माणसं विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवली. त्याबद्दल इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. धुक्यात उतरण्याचं प्रशिक्षण नसलेले पायलट ड्युटीला लावले म्हणून एअर इंडिया आणि स्पाइसजेटलाही प्रत्येकी ३० लाखांचा दंड बसला. धुकं निसर्गाचं, पण ड्युटीचा तक्ता ऑफिसातला. ‘खराब हवामान’ या दोन शब्दांमागे काय काय लपतं ते असं. हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतं. काउंटरवर ते मागायला लाजू नका.

राहिला आपला विमानतळ. आयएलएस नावाची यंत्रणा रेडिओ लहरींनी पायलटला धावपट्टीची सरळ रेघ आणि उतरण्याचा कोन दाखवते. ती असेल तर साधारण २०० फुटांपर्यंत खाली येऊन निर्णय घेता येतो, नसेल तर बऱ्याचदा त्याहून बरंच वरूनच परत फिरावं लागतं. दिल्लीत तर योग्य उपकरणं आणि प्रशिक्षित पायलट असतील तर ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरतं. छोट्या विमानतळांच्या उद्घाटनाला फीत असते, भाषणं असतात, होर्डिंग तर विचारूच नका. यंत्रणेचा शब्द कुणी काढत नाही. आपल्या खासदारांना मी आजवर ‘नवीन विमान कधी?’ हा प्रश्न दहादा ऐकवलेला पाहिलाय, ‘पावसात उतरायची सोय काय?’ हा एकदाही नाही.

येत्या सोमवारी विमानतळ प्राधिकरणाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. इथे आयएलएस आहे का, नसेल तर प्रस्ताव कुठवर आलाय, गेल्या तीन पावसाळ्यांत किती विमानं परत गेली, एवढे तीनच प्रश्न. आधी कुणी असा अर्ज केला असेल तर उत्तराची प्रत इनबॉक्समध्ये पाठवा.