वेळेत आलेल्या रुग्णाला वेळेबाहेर कोणी काढले?

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

महोदय,

माझ्या आधीच्या पत्रांना आपल्या कार्यालयाकडून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढेच उत्तर आले. ती कार्यवाही कोणत्या टेबलावर पडून आहे, हे शोधण्याचा नाद आता मी सोडला आहे.

गेल्या महिन्यात मी एक रुग्ण पाठवला होता. वय 52. सकाळी 7 वाजता धार काढताना डावा हात गळाला, तोंड वाकडे झाले; पक्षाघाताचा झटका. 8.50 ला तो आपल्या कॅज्युअल्टीत होता. सोबतच्या चिठ्ठीवर लक्षणे सुरू झाल्याची वेळ मी लाल शाईने लिहिली होती. सीटी 10.15 ला झाला, रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायला लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तास, म्हणजे साडेअकरापर्यंत मुभा होती आणि इंजेक्शन आपल्या फ्रिजमध्ये होते. फिल्म घेऊन नातेवाईक तिसऱ्या मजल्यावर धावले, तर युनिट राउंडवर. अखेर जी निवासी डॉक्टर खाली आली, तिने हे औषध आजवर दिलेले नव्हते, कोणाला देताना पाहिलेलेही नव्हते. डोस किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90, त्यातला दहा टक्के पहिल्या मिनिटात आणि उरलेला तासाभरात. त्यासाठी वजन हवे. स्ट्रेचरवरच्या माणसाचे वजन करायची सोय नाही. मुलगा म्हणाला, “असेल साठ-पासष्ट.” तिने सरांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. 11.40 ला केसपेपरवर शेरा पडला, ‘आउट ऑफ विंडो’.

मोठी रक्तवाहिनी तुंबली की मेंदूतल्या चेतापेशी मिनिटाला सरासरी 19 लाख या वेगाने मरतात, हा हिशेब 2006 साली मांडला गेला. आपल्या छताखाली गेलेल्या 170 मिनिटांनी त्याला गुणा. बत्तीस कोटींच्या वर जातो.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला शिकवायचे कोणी होते? तीन तासांत हे औषध दिले तर फायदा होतो, हे 1995 मध्ये सिद्ध झाले. ती मुदत साडेचार तासांवर गेली 2008 मध्ये. ती तेव्हा शाळेत असेल, आपण नव्हता.

न्यूरोलॉजिस्टचे पद रिक्त आहे, असे आपण तोंडी सांगता. मान्य. पण हिमाचल प्रदेशात न्यूरोलॉजिस्ट नसलेल्या जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियननी सीटीची चित्रे मोबाइलवर पाठवून, फोनवर सल्ला घेऊन हेच इंजेक्शन दिले. ते डोंगरात जमले आणि दरवर्षी एमडी मेडिसिनचे विद्यार्थी बाहेर काढणाऱ्या आपल्या महाविद्यालयाला जमत नाही, याला रिक्त पद म्हणत नाहीत. कॅथेटरने गुठळी ओढून काढण्याचे उपचार मी मागतच नाही. त्याला कॅथलॅब लागते, पैसा लागतो. झटक्याची तीव्रता मोजायचे एनआयएच कोष्टक मात्र फक्त 11 बाबींचे आहे, 0 ते 42 गुणांचे. ते शिकवायला एक दुपार पुरते.

तशी दुपार आपल्याकडे निघते, नाही असे नाही. 29 ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिनाची रॅली निघाली, ‘झटका आला? त्वरित रुग्णालय गाठा!’ असे फलक नाचले, आपले भाषण झाले. लोकांनी ऐकले हो तुमचे, ते त्वरित येतात. पुढे काय करायचे, तेवढे आत ठरवायचे राहून गेले आहे.

या वेळी अग्रेषित करू नका. कॅज्युअल्टीत वजन करता येणारे स्ट्रेचर आणा. दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत प्रत्येक रुग्णाला किती मिनिटे लागली, ते दरमहा फलकावर लावा. तो फलक रॅलीच्या फलकांहून स्वस्त पडेल. आणि हे इंजेक्शन द्यायचे प्रशिक्षण घेतलेले कोणते निवासी डॉक्टर कोणत्या रात्री ड्यूटीवर आहेत, त्यांची नावे व मोबाइल क्रमांक तालुक्यातल्या आम्हा डॉक्टरांना कळवा. यादी कोरी असेल तर कोरीच पाठवा, म्हणजे पुढचा रुग्ण कुठे न्यायचा हे नातेवाइकांना घरातूनच सांगता येईल.

आपला,
तालुक्यातील एक फिजिशियन