घराबाहेर : भाट्याची पुळण आणि वरचा सडा

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले कीं आपल्या सुशिक्षित घरांतून दरवर्षीं एकच प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें? कोणी जैसलमेरच्या वाळूंत उंटावर बसण्याचा बेत ठरवितात, कोणी वैशाखांतील हिमालयासाठीं आतांपासूनच तिकिटें काढून ठेवतात. या हौसेला माझा विरोध नाहीं. उलट अशा प्रवासांत माणसें एक नियम किती काटेकोरपणें पाळतात याचें मला कौतुकच वाटतें. मरुभूमींत कोणी ज्येष्ठांत जात नाहीं. बर्फानें घाट बंद असतांना कोणी लेहची वाट धरीत नाहीं. परमुलखाचा ऋतु आपण चार ठिकाणीं विचारून घेतों आणि मगच पाऊल उचलतों. घराजवळच्या जागेचा ऋतु मात्र कोणासही विचारीत नाहीं. ती आपलीच, तिला काय विचारावयाचें, अशी आपली समजूत. म्हणून या वेळीं घराबाहेर पडून फार दूर जावयाचें नाहीं; रत्नागिरीहून काजळी नदीवरचा पूल ओलांडला कीं लागणाऱ्या भाट्ये गांवापर्यंतच जावयाचें आहे.

पूल नव्हता तेव्हां लोक तरींतून खाडी ओलांडीत. आतां गाडी कांहीं मिनिटांत पलीकडे जाते. उजव्या हाताला सुरूचें बन आणि त्यापुढें सुमारें दीड किलोमीटर लांबीची सरळ, सपाट पुळण. उत्तरेस खाडीचें तोंड, त्यापलीकडे राजिवडा व मांडवी, आणि त्याच्याही पलीकडे समुद्रांत घुसलेला रत्नदुर्ग. दक्षिणेस डोंगर थेट पाण्याशीं उतरलेला. त्याच्या पायथ्याशीं झरी विनायकाचें देऊळ. खाऱ्या पाण्याच्या इतक्या जवळ गोड्या पाण्याची झरी वाहते, म्हणून देवास हें नांव. गांवांतच १९५५ सालीं सुरू झालेलें नारळ संशोधन केंद्र आहे. 'प्रताप' ही नारळाची जात बागाईतदारांस तेथूनच मिळाली. सुरूच्या झाडास पाहुणे मंडळी हटकून देवदाराचा भाऊबंद समजतात. तो समज चुकीचा आहे. सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडील. ज्यांस आपण सुया म्हणतों त्या त्याच्या पेरेदार कोंवळ्या डाहळ्या होत. त्याच्या मुळांच्या गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र धरून ठेवतात, म्हणून निकस वाळूंतही तो तरारतो. अलीकडे लाटांनीं कांठ खाल्ल्यामुळें कडेच्या कांहीं झाडांचीं मुळें उघडीं पडलेलीं दिसतात. मुलांना घेऊन गेलांत तर तेवढें अवश्य दाखवा. समुद्र आणि जमीन यांची हद्द कागदावर दिसते तितकी कायमची नसते, हें त्यांना न सांगतां कळेल.

'वाळवंट' म्हटलें कीं आज डोळ्यांपुढें राजस्थान उभें राहतें. वास्तविक नदीकांठच्या वाळूलाही आपण वाळवंटच म्हणतों. चंद्रभागेचें वाळवंट कोणास ठाऊक नाहीं? समुद्राकांठच्या वाळूला कोंकणांत पुळण हें वेगळें नांव आहे. भाट्याच्या आसपास मरुभूमि पाहावयाची असेल, तर मात्र ती खालीं वाळूंत सांपडणार नाहीं. तिच्यासाठीं फणसोप-गोळपच्या बाजूनें डोंगर चढून वर सड्यावर जावें लागेल. चहूंकडे काळपट जांभ्याचा उघडा कातळ, झाडाचा आडोसा नाहीं, पाण्याचा टिपूस नाहीं, आणि चैत्र-वैशाखांत दहा वाजल्यानंतर पायांत वहाण नसेल तर उभें राहण्याची सोय नाहीं. गंमत अशी कीं, जैसलमेरास वर्षाकांठीं जेमतेम दोनशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्या या सड्यावर तो तीन हजारांहून अधिक पडतो. तरी उन्हाळ्यांत दोन्हीकडे घशाला कोरड सारखीच. याचें कारण जांभ्याच्या अंगांत आहे. या दगडाला पाणी धरून ठेवतां येत नाहीं. वर मातीचा थर बोटभरसुद्धां नसतो. पडलेलें पाणी कांहीं वाहून समुद्राला मिळतें, कांहीं भेगांतून खालीं उतरतें आणि डोंगराच्या पायथ्याशीं झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. सडा तहानलेला राहतो तो असा.

या दोन मुलखांत आणखी एक नातें आहे. रत्नागिरीच्या सड्यावरील दगडांखालीं राहणारें फुरसें राजस्थानच्या रेताडांतही सुखानें नांदतें. लहानसा, मातीच्या रंगाचा हा साप फार विषारी. म्हणून सड्यावर जातांना पायांत बंद जोडा हवा, आणि मुलांनीं हौसेनें दगड उलटण्याची संवय तेवढ्यापुरती तरी सोडली पाहिजे. दुर्दैवानें दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, मंत्र यांत वेळ न दवडतां माणसास न चालवितां तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें.

मग सड्यावर जावें केव्हां? माझें उत्तर : पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांनीं एकदां, आणि भाद्रपदांत पुन्हां एकदां. पहिल्या सरींनंतर कातळाच्या खळग्यांतून दीपकाडीचे पांढरे फुलोरे वर येतात. ही वनस्पति कोंकणाबाहेर आढळत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर पसरते आणि तिच्या अधूनमधून गेंदाचे पांढरे ठिपके दिसतात. सीतेचीं आसवें दिसावयास इतकीं नाजूक, पण त्यांच्या मुळाशीं सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यांतील बारीक जीव ओढले जाऊन पचविले जातात. कातळावर अन्न मिळत नाहीं तेव्हां झाडेंदेखील शिकारीस निघतात! हें सारें वैभव फार तर तीन महिन्यांचें. आश्विनाच्या उन्हानें तें वाळून जातें, आणि बीं पुढच्या मृगाची वाट पाहत भेगांत पडून राहतें. फुलांवर बसून छायाचित्रें काढून घेण्याची जी नवी रीत निघाली आहे, ती कृपा करून येथें आणूं नये.

हिवाळ्यांत सड्याचें आकर्षण वेगळें. गवत वाळल्यावर कातळ मोकळा होतो, आणि त्यावर प्राचीन माणसांनीं खोदलेलीं चित्रें स्पष्ट दिसूं लागतात. भाट्याहून पावस, पूर्णगड करीत दक्षिणेकडे गेलें कीं राजापूर तालुक्यांतील कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे. त्याची लांबी सुमारें अठरा मीटर, आणि त्याच्या अंगाच्या आंत आणखी कितीतरी प्राणी. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू येथेंही अशीं चित्रें आहेत. २०२२ सालीं कोंकणांतील अशा नऊ स्थळांचा समावेश 'युनेस्को'च्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. एक दिवस काढून सकाळीं कशेळी, दुपारीं पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचें दर्शन आणि संध्याकाळीं भाट्याची पुळण, असा बेत वृद्ध माणसांनाही झेपतो.

आतां पुळणीकडे वळूं. हिला केवळ ऋतु विचारून भागत नाहीं, तिथिही विचारावी लागते. आपल्या घरांत पंचांग असतें. एकादशी-संकष्टीसाठीं तें उघडलेंही जातें. त्याच पंचांगावरून भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत फार सोपी आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजतां, सकाळीं व रात्रीं किंवा पहांटे व दुपारीं, पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. वद्य पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां एक, दोन असे आंकडे धरावयाचे. भरतीनंतर साधारण सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हिशेब स्थूल आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. पण सहलीच्या बेतास पुरेसा आहे. अष्टमीच्या आगेमागे 'भांग' असतो, म्हणजे पाणी थोडें चढतें आणि थोडें उतरतें. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, तेव्हां पाणी फार चढतें आणि तितक्याच जोरानें माघारी जातें.

यावरून लक्षांत येईल कीं, पौर्णिमेच्या संध्याकाळीं भाट्यास पुळण सर्वांत रुंद मिळते. पांच-साडेपांचला ओहोटी, पश्चिमेस सूर्य बुडतो आहे आणि पाठीमागें सुरूच्या बनांतून चंद्र वर येतो आहे. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनीं गोळ्यांच्या रांगोळ्या घातलेल्या असतात. मार्गशीर्ष-पौषांत दूर देशांहून आलेले कुरव पक्षी थव्यांनीं बसलेले असतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या पांच पौर्णिमा जरी कुटुंबानें तेथें घालविल्या, तरी वर्षाची शिदोरी होते.

पण त्याच पौर्णिमेची एक दुपारही आहे, आणि तिच्याविषयीं लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

कांहीं वर्षांमागें गणपतीला माझी मेहुणी, तिचे यजमान आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे आलीं होतीं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं स्वच्छ ऊन पडलें. चार दिवस नुसता पाऊस पाहून मंडळी कंटाळलीं होतीं. दुपारचीं जेवणें होतांच भाट्यास जाण्याचा आग्रह झाला. त्या दिवशीं भाद्रपदी पौर्णिमा होती. हें मला पक्कें ठाऊक होतें. कारण त्याच सकाळीं वडिलांच्या श्राद्धाची तिथि पाहण्यासाठीं आमच्या घरीं पंचांग उघडलें होतें. सव्वाअकराला उधाणाची भरती, म्हणजे दोन-अडीचला पाणी सर्व जोरानें खाडींतून बाहेर निघणार. वर चार दिवसांच्या पावसाचा काजळीचा लोंढा. हा हिशेब गाडींत बसतांना माझ्या मनांत झालाही होता. पण आलेल्या पाहुण्यांस नाहीं कसें म्हणावें? मी गप्प बसलों.

मुलगा पुण्याच्या तलावांत पोहणारा, चांगला पटाईत. पुळणीच्या उत्तर टोंकाला खाडीचें पाणी वरून अगदीं संथ दिसत होतें. लाटा फुटत होत्या त्या दूर. पलीकडची मांडवी तर हाताशीं आल्यासारखी वाटते. तो उतरला. वीस-पंचवीस हात गेला असेल नसेल, आणि पाहतां पाहतां त्याचें डोकें समुद्राच्या दिशेनें सरकूं लागलें. तो किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत होता आणि मागें जात होता. त्याची आई हांका मारीत पाण्याकडे धांवली. तिला आम्हीं दोघांनीं धरून ठेवलें. दैव असें कीं, त्याच वेळीं राजिवड्याची एक लहान होडी बाहेरून परत येत होती. तिच्यावरील दोघांनीं दोर फेंकला, मुलानें तो पकडला आणि होडी त्याला घेऊन कांठाला लागली. पाणी ओकून तो शुद्धीवर आला, तेव्हां त्यांतला वयस्क माणूस मला एवढेंच म्हणाला, "काका, पाव्हण्याला ठाऊक नसायचंच. तुम्ही तरी सांगायचंत."

रात्रीं स्वयंपाकघरांत मेहुणीनें विचारलें, "भावोजी, तिथें पाणी ओढतं हें तुम्हांला ठाऊक होतं का?" मी 'हो' म्हणालों. ती पुढें कांहीं बोलली नाहीं. तिनें मुलाचें पान वाढावयास घेतलें. मुलगा आज उत्तम आहे, आमचें जाणें-येणेंही आहे. पण तें 'हो' माझ्या घशांतून अद्याप पुरतें उतरलेलें नाहीं.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या वाचकांस हात जोडून विनंति आहे. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रस्नान नको, हें बहुतेकांस पटतें. पण नारळ अर्पण झाला म्हणजे समुद्र निवळला असें समजूं नये. भाद्रपद संपेपर्यंत पाण्यांत उतरूं नये, आणि खाडीच्या तोंडाशीं तर बारा महिने उतरूं नये. उघड्या पुळणीवरही जेथें लाटा फुटत नाहींत आणि पाणी गढूळ होऊन आंत जातांना दिसतें, ती जागा शांत नसून ओढीची असते. कोणी ओढींत सांपडलाच तर त्यानें किनाऱ्याकडे झगडत येऊं नये. किनाऱ्याला समांतर बाजूस सरकावें, न जमल्यास तरंगत राहून हात वर करावा. कांठावरच्यांनीं मागोमाग उड्या घेऊं नयेत. दोर, रिकामा डबा, हवा भरलेली नळी, जें तरंगेल तें फेंकावें आणि कोळ्यांस हांक मारावी.

आणि पाहुण्यांस 'नाहीं' म्हणण्यास शिकावें. आतिथ्यांत पुरणपोळी येते तशी ही नकाराची वाटीही आली पाहिजे. आमच्या घरीं आतां पाहुणे येण्यापूर्वीं पंचांग पाहून एका कागदावर त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून तो दाराशीं चिकटविण्याचा परिपाठ आहे. त्याखालीं माझी पत्नी 'पुळणीवर केव्हां, सड्यावर केव्हां' हें स्वतःच्या अक्षरांत लिहिते. पाहुणे प्रथम हंसतात आणि मग आपापल्या वहींत उतरून घेतात.