मशीनसाठी कर्ज काढताय? आधी धार लावायला शिका

पनवेलच्या बॅचमध्ये हल्ली हमखास येणारा प्रश्न: "सर, हवेवर चालणारं एनग्रेव्हिंग मशीन कुठलं घेऊ?"

माझा उलटा प्रश्न, गिऱ्हाईक कोण? लग्नाच्या भांड्यांवर नावं टाकायची असतील तर भांडीवाल्याकडे असतं तसं साधं इलेक्ट्रिक मशीन पुरतं. अंगठीवर, चांदीच्या करंड्यावर खोल, चमकदार रेघ हवी असेल तरच न्यूमॅटिक.

त्यात हवेच्या दाबाने हँडपीसमधला पिस्टन ग्रेव्हरला मिनिटाला शेकडो ते हजारो ठोके देतो. हातोडीचं काम हवा करते, हाताने फक्त दिशा द्यायची. अमेरिकेतल्या जीआरएसचं मशीन सहसा पायाच्या पेडलवर चालतं. लिंडसेच्या पामकंट्रोलमध्ये तळहाताने दाब दिला की ठोका वाढतो. दोन्ही उत्तमच. पण ग्रेव्हर बोथट असेल तर दोन्हींत घसरणार, आणि माल गिऱ्हाइकाचा असतो!

म्हणून माझं मत, पहिले पैसे धारेवर घाला. कोन धरून ठेवणारं शार्पनिंग फिक्स्चर, डायमंड प्लेट आणि चांगला बॉल व्हाइस. मग तांब्याच्या पट्टीवर हातानेच सरळ रेघा मारा, नंतर गोल. गोल काढताना हात नाही, व्हाइस फिरवायचा. महिनाभर रोज तासभर बसवलं नाही, तर मशीनच्या हप्त्यात पडू नका.

आणि कॉम्प्रेसर घ्याल तेव्हा सायलेंटच घ्या. सोसायटीत राहता ना? स्वस्तातला घरघरणारा आणलात तर आठवड्यात सेक्रेटरी दारात!