दुसरी आशा

आशा म्हटले की मराठी घरांत आशा भोसले यांचाच आवाज घुमू लागतो. पण मुंबईत जन्मलेली आणखी एक आशा परदेशात जॅझ आणि सोल गाऊन नावाजली, आणि आपल्यापैकी अनेकांनी तिचे नावही ऐकलेले नाही. ती आशा पुथली.

माझी तिच्या गाण्याशी ओळख झाली ती बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात! तिथे एका मराठी परिचितांचा लेथचा छोटासा कारखाना आहे. शनिवारी दुपारी यंत्रे थांबली की ते आतल्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर लावतात. लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. गती जरा चुकली की गाणाऱ्याचा सूरच बदलतो, हे लेथवाल्याला कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

त्या दिवशी त्यांनी लावली ती २०२२ मध्ये निघालेली, आशाच्या निवडक गाण्यांची रेकॉर्ड. मुलीने परदेशातून पाठवलेली. कुजबुजल्यासारखा सुरू झालेला आवाज बघता बघता वर चढला. कव्हरवरचे नाव मी दोनदा वाचले.

ही मुलगी मुंबईत हिंदुस्थानी संगीत शिकली, पाश्चात्त्य ऑपेराही शिकली. अमेरिकेत गेल्यावर सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या १९७२ च्या रेकॉर्डमध्ये ती दोन गाणी गायली. कोलमन यांचे संगीत भल्याभल्यांना अवघड जाई. आलाप घोटलेला गळा तिथे कामी आला. १९७३ मध्ये तिची स्वतःची पहिली रेकॉर्ड युरोपात निघाली, १९७६ मध्ये ‘द डेव्हिल इज लूज’. आपल्याकडे तेव्हा रेकॉर्ड म्हणजे सिनेमाची गाणी, नाट्यगीते, फार तर शास्त्रीय मैफल. घरची मुलगी घरीच अनोळखी राहिली.

पुढे नवी गाणी आली, फॅशन बदलली. पण शौकिनांनी तिच्या तबकड्या जपल्या, आणि त्यांतूनच नव्या पिढीला ती सापडली. नोटोरियस बी.आय.जी. या अमेरिकी रॅप गायकाच्या १९९७ च्या एका गाण्यात तिच्या ‘स्पेस टॉक’चा तुकडा ऐकू येतो.

तुमच्याही माळ्यावर रेकॉर्डींचे एखादे खोके असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला किलोवर घालण्याआधी एकदा उघडा. धूळ मऊ फडक्याने पुसा, कव्हरवरची नावे वाचा, शेजारीपाजारी प्लेअर असेल तर एक बाजू तरी ऐका. कोण जाणे, तुमच्या खोक्यातही एखादा आवाज कुणीतरी ऐकण्याची वाट पाहत असेल!