लिटरमागे किलोमीटर की लिटरमागे क्विंटल?

पिकअप घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" किंमत, हप्ता, हौद्याची लांबी, सगळं त्याच्यानंतर. वर्षभराने तोच माणूस माले गावाच्या रस्त्यावर चहा पिताना सांगतो, "गंडवलं हो भाऊ. सांगितलं सतरा, देते बारा." शेजारचा म्हणतो, "गाडी चांगलीये, तुझ्या ड्रायव्हरचा पाय जड आहे." तिसऱ्याच्या मते बीएस सिक्स आल्यापासून गाड्या डिझेल पितातच, कुणी काही करू शकत नाही. मुळशी खोऱ्यात ज्याच्या दारात पिकअप उभा आहे, तो या तीनपैकी एका पक्षाचा असतो. मला तिन्ही पक्ष अमान्य आहेत, आणि ज्या प्रश्नावरून त्यांचं भांडण चालतं तो प्रश्नही.

आधी फसवणुकीचा आरोप पाहू. लोक ज्याला 'एआरएआय मायलेज' म्हणतात, त्यातली एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे. मुळशीचा पौड रस्ता पुण्यात शिरतो तो या टेकडीच्या पायथ्याने. म्हणजे आपला माल मार्केट यार्डाला नेणारा पिकअप त्या आकड्याच्या माहेरावरूनच रोज जातो. (आता इतरही संस्था ही चाचणी करतात, पण नाव चिकटलं ते हेच.)

चाचणी होते ती बंद जागेत, रोलरवर. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. एकूण वेळ १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा थोडा कमी. अंतर भरतं जेमतेम पावणेअकरा किलोमीटर, आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद. डिझेल मापाने मोजत नाहीत. सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या वायूतला कार्बन मोजून किती इंधन जळलं ते काढतात. रोलरवरचं ओझं धरतात ते जवळजवळ रिकाम्या गाडीचं. तिथे भूगावची कोंडी नाही, पिरंगुटचा घाट नाही, जुलैतला पाऊस नाही आणि हौद्यात इंद्रायणी तांदळाची पोतीही नाहीत.

याला खोटं म्हणता येत नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा दिली, तर कुठली गाडी कुठलीपेक्षा बरी एवढं कळतं, आणि ही परीक्षा तेवढ्यासाठीच आहे. युरोपने आपली जुनी चाचणी टाकून २०१७ पासून नवी, जास्त कडक चाचणी आणली. तरी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांमध्येच बसवलेल्या मापकांचे आकडे काढले, तेव्हा मोटारी प्रत्यक्षात सुमारे एक पंचमांश जास्त इंधन जाळत असल्याचं दिसलं. तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांवर, चार माणसांच्या मोटारीत एवढी तफावत पडते. मग दीड टन माल भरलेला पिकअप रोलरवरच्या आकड्याला उतरेल ही अपेक्षाच कुठून आली? ती आली जाहिरातीतून. तिथे आकडा वीतभर आणि 'चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत' हे शब्द मुंगीएवढे. कंपन्यांना दोष द्यायचा तर तो या छपाईचा द्या. सरकारलाही द्या. २०१७ पासून कंपन्यांना इंधनाच्या सरासरीची जी मर्यादा घातली, ती प्रवासी मोटारींपुरती होती, पिकअप त्या हिशोबात धरलाच नव्हता. आणि एप्रिल २०२३ पासून गाडीचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर तपासायचा नियम आला, पण रस्त्यावरच्या डिझेलचा आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा असं त्यात कुठेच नाही.

आता ड्रायव्हरचा पाय. पाय जड असतो, यात वाद नाही. हाफ क्लचवर गाडी तोलणारे, पुढे सिग्नल दिसत असूनही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबणारे सगळ्यांनी पाहिलेत. चाकात हवा कमी असेल तरी डिझेल जास्त जातं, आणि ती बघायला पैसे लागत नाहीत. पण डिझेल वाचवायची म्हणून जी 'उस्तादी' सांगितली जाते, तिच्यातली सगळ्यात आवडती युक्ती साफ चुकीची आहे. ती म्हणजे घाट न्यूट्रलमध्ये उतरवणं. कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चाकांपासून तुटतं आणि बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पाजावंच लागतं. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर हेच काम बऱ्यापैकी करायचा.

यावर उस्ताद म्हणतात, "हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांब पळते ना?" पळते. सपाटीला लागून असलेल्या लांबलचक उतारावर थोडा फायदा होतही असेल. पण ताम्हिणी घाट म्हणजे हलका उतार नव्हे. तिथे गाडी लांब पळवायची नसते, आवरायची असते, आणि जी ताकद इंजिनाने फुकट आवरली असती ती लायनर घासून आवरावी लागते. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की पेडल दाबूनही पकड लागत नाही. काही जण तर पुढे जाऊन चावीच बंद करतात. मग ब्रेकच्या बूस्टरची मदत जाते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं. एवढं करून वाचतं काय, तर काहीच नाही.

बीएस सिक्सची तक्रार थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून धुराचे हे नियम देशभर लागू झाले. सायलेन्सरच्या वाटेतली जाळी काजळी धरते आणि मधूनमधून ती जाळून टाकते. त्याला थोडं जादा डिझेल लागतं. गाडी दिवसभर दोन-दोन किलोमीटर फिरून बंद होत असेल, तर जळणं अर्धवट राहतं आणि तक्रार खरी ठरते. पुण्याला जाऊन येणाऱ्या गाडीला एवढी सबब पुरत नाही.

मग डिझेल जातं कुठे? याचं उत्तर मुळशीकरांइतकं कुणालाच जवळचं नाही. मुळशी धरणाचं पाणी टाटांनी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला सोडलं. १९२७ पासून ते सुमारे पाचशे मीटर खाली पडून वीज करतं. त्या धरणासाठी जमिनी गेल्या, १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला, तो इतिहास वेगळा. इथे मला फक्त ती उंची हवी आहे. पाणी उतरताना जेवढी ऊर्जा देतं, तेवढीच माणगावहून ताम्हिणी चढणाऱ्या पिकअपला किलोमागे द्यावी लागते. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. पाचशे मीटर वर उचलायला जवळजवळ १५ मेगाज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल असतात, पण चाकांपर्यंत पोचतात त्यातले साधारण एक तृतीयांश, बाकीचे रेडिएटर आणि सायलेन्सर खातात. म्हणजे निव्वळ उंची चढायलाच सव्वा लिटर. घर्षण, वळणं, वारा हा खर्च वेगळा. रिकामी गाडी पावणेदोन टनांच्या आसपास. तिला तीच चढण पाऊण लिटरमध्ये पडते. कुठलीही कंपनी, कुठलाही पाय आणि कुठल्याही पंपाचं डिझेल हा फरक पुसू शकत नाही.

हिशोब करतानाही घाट फसवतो. "चढताना आठ देते, उतरताना चोवीस, म्हणजे सोळा पडलं" असं सर्रास सांगितलं जातं. चोवीस किलोमीटर चढायला तीन लिटर लागले आणि तेवढंच उतरायला एक. म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरला चार लिटर, म्हणून ॲव्हरेज बारा. सोळाचा आकडा वहीतच राहतो, टाकीत उतरत नाही. एका टाकीवरूनही काही ठरवू नये. डिझेलला फेस येतो, नोझल कधी आधी बंद होतं कधी नंतर, आणि दहा लिटरच्या भरतीत एका लिटरची चूक म्हणजे दहा टक्के.

आता माझं म्हणणं. माल वाहणाऱ्या गाडीला 'लिटरमागे किलोमीटर' हा प्रश्न विचारणंच चूक आहे. सोयीचे आकडे धरून बघू. माले ते मार्केट यार्ड पन्नास किलोमीटर. रिकामी गाडी पंधरा देते, पंधरा क्विंटल भरली की अकरा, सात क्विंटलला तेरा. जाताना पूर्ण भरून आणि येताना रिकामी आली, तर खेपेला ७.९ लिटर लागतात, ॲव्हरेज १२.७, क्विंटलमागे साधारण अर्धा लिटर. दुसरा गडी सातच क्विंटल नेतो. त्याचं ॲव्हरेज जवळजवळ १४. चहाच्या टपरीवर तो छाती फुगवून सांगेल, पण क्विंटलमागे त्याचं डिझेल गेलं लिटरभर, म्हणजे दुप्पट. तिसरा जाताना पंधरा क्विंटल नेतो आणि येताना पंधरा क्विंटलचं भाडं घेऊन येतो. त्याचं ॲव्हरेज अकरा, तिघांत सगळ्यात वाईट. क्विंटलमागे खर्च मात्र ०.३ लिटर, सगळ्यात कमी. लिटरला नव्वद रुपये धरले तर पहिल्याला क्विंटलमागे ४७, दुसऱ्याला ९२ आणि तिसऱ्याला २७ रुपये पडले. ज्याची गाडी 'पीत नाही' म्हणून गावात नाव आहे, त्याचाच माल सगळ्यात महाग पोचला.

'भरा' म्हणतोय म्हणजे पासिंगच्या वर भरा असं नव्हे. पाटे तुटतील इतकं भरून जाणारे महाभाग आहेत, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. एकदा पकडलं की वर्षाची बचत गेली.

हा चुकीचा प्रश्न पगारात शिरला की खरं नुकसान सुरू होतं. ॲव्हरेजवर ड्रायव्हरला बक्षीस लावणारे मालक बरेच आहेत. ड्रायव्हर काही खुळा नाही. परतीचं भाडं भरलं की महिन्याचा आकडा पडतो हे त्याला चार दिवसांत कळतं, मग तो "भाडं मिळालं नाही मालक" म्हणत रिकामा येतो. मालक त्या रिकाम्या फेऱ्यांवर खूश होऊन त्याला वर पाचशे रुपये देतो! बक्षीस द्यायचंच तर महिन्याचं एकूण डिझेल आणि एकूण पोचवलेले क्विंटल यांवर द्या. पंपाची पावती आणि वजनकाट्याची चिठ्ठी, दोनच कागद लागतात, आणि ते ड्रायव्हरच्या खिशात आधीपासून असतात.

एक आक्षेप मात्र दमदार आहे. "भाजीवाल्याला परतीचं भाडं आणायचं कुठून? यार्डात गाडी रात्री खाली होते, सिमेंटची दुकानं उघडतात दहाला." खरं आहे. पण माल्याच्या बाजूला सिमेंट, खत, कोंबड्यांचं खाद्य आणि रिसॉर्टांचा किराणा येतोच, दुसऱ्या पिकअपातून, जो पुण्याहून भरून येतो आणि रिकामा परत जातो. पिरंगुटच्या आसपास ही दोन रिकामी धुडं एकमेकांना ओलांडतात. वरच्याच आकड्यांनी दोन्ही मिळून पावणेसोळा लिटर जाळतात. तेच काम एका गाडीने दोन्हीकडे भरून केलं तर नऊ लिटर आणि थोडं. फरक साडेसहा लिटरच्या वर, म्हणजे सहाशे रुपये. त्या सहाशेत ड्रायव्हरला यार्डाबाहेर इंजिन बंद करून सकाळपर्यंत झोपायला सांगा, त्याचं जेवण आणि जादा भत्ता द्या, तरी खेपेला दोन-तीनशे मालकाच्या हातात उरतात.