फुकटचं दुकान

"सॉफ्टवेअर फुकट, मग खर्च कसला?" बाबांचा प्रश्न रास्तच. आमचं तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती हायवेवर. संत्री झाडावर असतानाच व्यापारी बाग घेऊन टाकतो. म्हटलं, यंदा थोडी थेट विकू. पुण्यात बसून एका वीकेंडला वर्डप्रेसवर वूकॉमर्स टाकलं. २०११ पासूनचं हे ओपन सोर्स, छदाम लागला नाही. डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवेचं कमिशन, हे मात्र सुटत नाही हं!

गोची झाली एका टिकमुळे. स्टॉक मोजायचा, तर प्रत्येक प्रॉडक्टला तशी टिक आपणच करायची असते. मी विसरलो. आंबिया बहाराच्या ४० पेट्या, एकेका पेटीच्या ऑर्डरी ६१! रात्री दोनपर्यंत २१ जणांचे पैसे परत करत, माफी मागत बसलो. सकाळी बाबांना भीत भीत सांगितलं.

"व्यापाऱ्याशिवाय ६१ गिऱ्हाईक आले? मंग मृगाच्या किती पेट्या ठेवू?"