चाळीस व्हायोलिनांची साक्ष

स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राने ऐंशी उलटलेल्या सर चार्ल्स मॅकेरास यांच्या नेतृत्वाखाली २००७ साली ग्लासगो येथे मोत्सार्टच्या शेवटच्या चार सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. अशा मुद्रिकांवरील ठरीव आक्षेप असा की, वाद्यवृंद लहान, सबब नाद रोडका. ‘ज्युपिटर’सारख्या भव्य कृतीस वादकांचा मोठा ताफाच हवा. हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही.

परंतु आमच्याच पक्षातील काही मंडळी दावा बिघडवितात. मोत्सार्टच्या काळी वाद्यवृंद लहान असत, म्हणून लहान तोच अस्सल, असे ती सांगतात. हा पुरावा उलटतपासणीत टिकणारा नव्हे. ११ एप्रिल १७८१ रोजी व्हिएन्नाहून वडिलांस लिहिलेल्या पत्रात मोत्सार्ट आपल्या एका सिंफनीच्या वादनाचे मोठ्या आनंदाने वर्णन करतो: व्हायोलिने ४०, व्हायोला १०, चेलो ८, डबल बास १०! संख्येचा त्याला तिटकारा होता, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मात्र त्याच पत्रातील पुढील तपशील प्रतिपक्ष सोयीस्करपणे गाळतो. फुंकीची वाद्येही त्या दिवशी दुप्पट होती. बासूनच ६ होते. तंतुवाद्ये वाढली, तशी सुषिर वाद्येही वाढली. पुढे थोरल्या वाद्यवृंदांत व्हायोलिनांचे दल फुगत गेले आणि ओबोवाले बिचारे पुष्कळदा दोनच राहिले. वादाचा खरा मुद्दा हे प्रमाण आहे.

ते सांभाळले म्हणजे काय लाभते, हे या मुद्रिकेत ऐकावे. एकोणचाळिसाव्या सिंफनीत ओबो नाहीत. तिच्या मिन्युएटच्या मध्यभागी एक क्लॅरिनेट गाते आणि दुसरे तिला खालून साथ देते. ही साथ येथे स्पष्ट ऐकू येते. ‘ज्युपिटर’च्या अखेरीस पाच स्वरवाक्ये एकमेकांत गुंफली जातात, येथे प्रत्येकीचा माग ठेवता येतो. जोमही उणा नाही, कारण हॉर्न व ट्रंपेट जुन्या, बिनकळीच्या घडणीचे आहेत. आमच्या देवळांच्या नगारखान्यात सनईवाले कितीसे असतात? तरी सूर वेशीपर्यंत जातोच.

आणखी एक तक्रार लांबीची. लिहिलेल्या पुनरावृत्ती मॅकेरास अंत्य भागांतही वाजवून घेतात, म्हणून काहींना कंटाळा येतो. पुनरावृत्तीची खूण संगीतकाराने स्वहस्ते घातलेली आहे. दस्तऐवजातील कलम वाचणाऱ्याला जांभई आली म्हणून रद्द होत नाही. ते रद्द करण्याचा अधिकार या श्रोत्यांस कोणी दिला, हे त्यांनी आधी दाखवावे.